कार्बोरेटरचं पॅकिंग घरी कापणं आणि जुनं पुन्हा वापरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बोरेटर उघडला की पॅकिंग हमखास फाटतं, आणि जुन्या मोटरसायकलचं नवं पॅकिंग मिळेलच याची खात्री नसते. योग्य कागद निवडून मापात कापलेलं घरचं पॅकिंग अशा वेळी कंपनीच्या पॅकिंगइतकंच काम देतं. फक्त कात्री हातात घेण्याआधी एक गोष्ट स्वतःला विचारायची: या जागी पॅकिंगने अडवायचं काय आहे? पेट्रोल, हवा की नुसती धूळ? मटेरियल, जाडी, सीलंट लावायचं की नाही, जुनं परत बसवायचं की नाही, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

कार्बोरेटरला पॅकिंग नेमकं कुठे कुठे असतं?

मुख्य जागा तीन. पहिली, खालचा फ्लोट बाऊल (पेट्रोल साठवणारी वाटी) आणि कार्बोरेटरची बॉडी यांच्यामध्ये. इथे पातळ पेट्रोल अडवायचं असतं, पण दाब जवळजवळ नसतो. बाऊलला हवेची वाट बाहेर उघडी असते, त्यामुळे पॅकिंगवर येतो तो फक्त आतल्या थोड्या पेट्रोलच्या वजनाचा भार. दुसरी जागा म्हणजे कार्बोरेटरची फ्लँज (बोल्टने आवळायची सपाट कड) आणि इंजिनाकडे जाणारा मॅनिफोल्ड यांच्यामधली; पुढे हिलाच इनलेट म्हटलं आहे. इथे इंजिन आतून जोरात ओढत असतं. बाहेरची हवा आत शिरू न देणं हे या पॅकिंगचं काम. तिसरी, वरचं झाकण. साध्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये इथे बहुतेक धूळपाणीच अडवायचं असतं.

याशिवाय पायलट स्क्रू, ड्रेन स्क्रू, चोकचा प्लंजर आणि चार सिलिंडरच्या गाड्यांमध्ये दोन कार्बोरेटर जोडणारी पेट्रोलची नळी, या ठिकाणी बारीक ओ-रिंग असतात. या ओ-रिंग घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. त्या मापानुसार सुट्या मिळतात आणि हाताने कापून तितक्या गोल होतही नाहीत.

कोणतं मटेरियल घ्यावं?

बाऊलसाठी नायट्राइल रबर मिसळलेला गॅस्केट पेपर सगळ्यात सोयीचा. शीटवर तो पेट्रोल आणि तेलासाठी आहे असं लिहिलेलं असतं. ते वाचूनच घ्या. दिसायला तसाच पण फक्त पाण्यासाठी बनवलेला कागद पेट्रोलमध्ये काही दिवसांत लिबलिबीत होतो. बाऊलची कड जरा वाकडी असेल, जुन्या ओरखड्यांनी भरलेली असेल, तर कॉर्क आणि रबर एकत्र दाबून बनवलेली शीट चांगली. ती मऊ असते, थोड्या दाबात खळगे भरून काढते.

इथे एक चूक वारंवार होताना दिसते. इंजिनाच्या साइड कव्हरसाठी वापरतात ती अरॅमिड तंतूंची कडक, जाड शीट ‘मजबूत आहे’ म्हणून लोक बाऊलला लावतात. मटेरियल उत्तमच आहे, पण ते दाबायला ताकद लागते. बाऊल धरतात ते चार लहान स्क्रू, तेही बहुधा एम-४ मापाचे आणि मऊ धातूच्या आट्यांत बसलेले. त्यांच्याकडून तेवढा दाब मिळत नाही. कडक शीट नीट दबत नाही आणि मधून पेट्रोल झिरपत राहतं. तीच शीट पातळ घेऊन इनलेटच्या फ्लँजला लावली तर झकास काम करते, कारण तिथे बोल्ट मोठे असतात, उष्णता जास्त असते आणि अडवायची असते हवा.

रबर शीटच घ्यायची असेल तर नायट्राइल किंवा फ्लोरो रबर, म्हणजे ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात ते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरत असाल तर दोन्हींत फ्लोरो रबर जास्त भरवशाचं. ईपीडीएम आणि साधं सिलिकॉन रबर पेट्रोलमध्ये फुगतं, तेव्हा ही दोन टाळा. अनोळखी शीट हाती आली तर ओळखायचा सोपा मार्ग आहे: एक तुकडा कापा, व्हर्नियरने लांबी आणि जाडी मोजून ठेवा, झाकणाच्या काचेच्या बरणीत पेट्रोल घालून त्यात दोन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. किंचित फुगणं चालतं. हाताला चिकट लागलं, रंग सुटला, बोटाने सहज तुटलं तर ती शीट कार्बोरेटरच्या कामाची नाही.

सायकलची किंवा गाडीची जुनी ट्यूब कापून वापरली तर?

नको. ट्यूबचं रबर हवा धरण्यासाठी बनवलेलं असतं, पेट्रोलसाठी नाही. ते फुगून बाऊलच्या कडेतून बाहेर येतं आणि आतल्या बाजूला फ्लोटला घासू लागतं.

खोक्याचा पुठ्ठा चालतो का?

रस्त्यात अडकलात तर इनलेटच्या फ्लँजला चालतो. तिथे पेट्रोल वाफेच्या आणि बारीक थेंबांच्या रूपात जातं, पॅकिंग त्यात बुडून बसत नाही. पातळ, घट्ट विणीचा पुठ्ठा घ्या. आत पन्हाळी असलेलं कार्टन नको. कापून त्याला इंजिन ऑइलचं बोट फिरवा आणि बसवा. घरी पोचल्यावर मात्र बदलाच. उष्णतेने पुठ्ठा वाळतो, आकसतो आणि कडेने हवा घ्यायला लागतो.

बाऊलला पुठ्ठा लावू नये असं माझं ठाम मत आहे. पुठ्ठा पेट्रोल शोषतो आणि ते कागदातूनच बाहेरच्या कडेपर्यंत चढतं. थेंब पडताना दिसत नाही, पण कड कायम ओली राहते आणि बाजूलाच तापलेलं इंजिन असतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानातही पेट घेऊ शकते. ‘नुसती ओल आहे, गळत नाही’ असं म्हणून गाडी चालवत राहणं म्हणजे धोका पत्करणं आहे.

जाडी किती असावी?

जुन्या पॅकिंगचा एखादा न फाटलेला तुकडा असेल तर व्हर्नियरने मोजा. मात्र तो दाबून बसलेला असतो, म्हणून मिळालेल्या मापापेक्षा किंचित जाड शीट घ्या. काहीच हाताशी नसेल तर बाऊलला ०.५ ते १ मिलिमीटर आणि इनलेटला ०.५ ते ०.८ मिलिमीटर या मापांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

‘पॅकिंग जाड झालं तर पेट्रोलची पातळी बदलेल का’ हा प्रश्न यानंतर येतोच, आणि त्याचं उत्तर कार्बोरेटरच्या घडणीवर अवलंबून आहे. मिकुनी, केहिन अशा बहुतेक कार्बोरेटरांत फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) आणि त्याच्यामुळे पेट्रोलची वाट उघडबंद करणारी नीडल वरच्या बॉडीला लटकलेले असतात. पातळी बॉडीच्या हिशेबाने ठरते. पॅकिंग जाड झालं तर बाऊल तेवढा खाली सरकतो, जेटच्या (पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या) दृष्टीने पेट्रोल होतं तिथेच राहतं. फरक पडतो तो बाऊलमध्येच उभ्या असलेल्या वस्तूंना. ओव्हरफ्लोची उभी नळी बाऊलबरोबर खाली जाते, त्यामुळे आधीच काठावर असलेली पातळी नळीतून बाहेर सांडू शकते. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने सहसा काही होत नाही. दोन जाड पॅकिंग एकावर एक ठेवली तर होऊ शकतं.

अमल कॉन्सेंट्रिकसारख्या कार्बोरेटरांची गोष्ट वेगळी. त्यांत फ्लोट, त्याची पिन आणि नीडलची सीट खालच्या बाऊलमध्ये असते. तिथे पातळी बाऊलच्या हिशेबाने ठरते आणि जेट मात्र बॉडीला लटकलेला असतो. जाड पॅकिंग घातलं की पेट्रोल जेटपासून तेवढं खाली जातं आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तिथे मूळ जाडी पाळायलाच हवी.

आकार कागदावर कसा उतरवायचा?

जुनं पॅकिंग अख्खं निघालं असेल तर काम सोपं आहे. ते शीटवर ठेवून बारीक टोकाच्या पेन्सिलीने आखा, किंवा स्कॅनरवर एक पट्टी शेजारी ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन करा. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून शंभर टक्के आकारात काढा आणि पट्टीवरचे १० सेंटिमीटर खऱ्या पट्टीने तपासा. प्रिंटरने दोन टक्के जरी लहान छापलं तरी दूरच्या दोन स्क्रूंची भोकं चुकतात.

जुन्याचे तुकडे झाले असतील तर भागावरूनच ठसा घ्यायचा. बाऊल स्वच्छ पुसा, कडेवर स्टॅम्प पॅडची शाई किंवा पातळसं ग्रीस बोटाने लावा आणि पांढऱ्या कागदावर सरळ खाली दाबा. घसरू देऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे कागद वर धरून पेन्सिलीची कड आडवी घासणं. काठाची रेघ आपोआप उमटते. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात अगदी बारीक भोकंही दिसतात.

पूर्वापार चालत आलेली एक पद्धत म्हणजे शीट भागावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने ठोकत कापणं. इंजिनाच्या जाड ओतीव कव्हरवर ती चालते. कार्बोरेटरची बॉडी मऊ मिश्रधातूची आणि पातळ असते; तिथे काठ दबतो, टवका उडतो, आणि मग कोणतंही पॅकिंग त्या जागी नीट बसत नाही. कार्बोरेटरवर हातोडी चालवू नका.

एकदा आकार बरोबर जमला की पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा किंवा ॲक्रिलिकचा कायमचा साचा करून ठेवा. पुढच्या वेळी पाच मिनिटांत पॅकिंग तयार होतं.

कापताना क्रम कोणता?

आधी भोकं, मग आतली कड, सगळ्यात शेवटी बाहेरची कड. उलट केलं तर पातळ पट्टी हातात उरते आणि तिला भोक पाडताना ती फाटते. भोकांसाठी पोकळ पंच वापरा. खाली लाकडाचा ठोकळा, त्याचा आडवा कापलेला भाग वर करून, किंवा नायलॉनचा तुकडा घ्या. धातूवर पंच मारला तर त्याची धार जाते. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठं ठेवा. घट्ट असेल तर बसवताना कागद फुगतो आणि तिथूनच गळतो. ड्रिलने भोक पाडू नका, कागदाचे तंतू ओढले जातात आणि कड केसाळ होते.

कडा कापायला नवं ब्लेड घ्या. एकाच दाबात कापायचा हट्ट नको. हलक्या हाताने दोन-तीनदा त्याच रेघेवरून फिरवा. वळणं सुटी कापण्याऐवजी शीट फिरवा, ब्लेड एकाच दिशेत ठेवा. इनलेटच्या पॅकिंगची आतली कड फ्लँजच्या भोकाच्या आत डोकावता कामा नये, नाहीतर हवेच्या वाटेत पायरी तयार होते आणि सुटलेला तंतू थेट इंजिनात जातो. बाऊलच्या बाबतीत फ्लोट वर-खाली हलवून बघा, आतली कड कुठे घासत नाही ना.

बाऊलच्या पॅकिंगमधली बारीक भोकं सोडली तर चालेल का? ती कशासाठी असतात?

एकही सोडू नका. घरच्या पॅकिंगवर ‘गाडी चालूच होत नाही’ अशी तक्रार येते, त्यातली बरीच प्रकरणं इथे येऊन थांबतात. बाऊलच्या कडेतून किंवा कोपऱ्यातून पेट्रोलचे आणि हवेचे स्वतंत्र मार्ग बॉडीत जातात. चोकसाठी बाऊलमध्ये एक छोटी विहीर असते, तिच्यातून वर जाणारं भोक बंद झालं तर थंड इंजिन चोक ओढूनही लागत नाही. हवेची वाट बंद झाली तर बाऊलमध्ये पेट्रोल नीट उतरत नाही. गाडी लागते, थोडी चालते आणि बंद पडते. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये पंपाचा मार्गही याच जोडातून जातो. तो बंद झाला तर थ्रॉटल झटकन उघडताना इंजिन गुदमरतं.

म्हणून पॅकिंग कापून झालं की ते बाऊलवर ठेवून प्रत्येक भोकातून उजेड दिसतो का बघा. मग तेच पॅकिंग बॉडीवर ठेवून तसंच बघा. दोन्हीकडून तपासणं गरजेचं, कारण काही भोकं एकाच भागात असतात आणि समोरच्या भागात त्या जागी खाच असते. अशा खाचेवरून पॅकिंगची पट्टी आडवी गेली तर मार्ग अर्धा बंद होतो, आणि तो दोष जेट कितीही वेळा साफ केले तरी सापडत नाही.

वरून सिलिकॉन लावलं तर जास्त घट्ट बसेल ना?

बाऊलला सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं आणि कडेवर आत दाबलं गेलेलं सिलिकॉन दोऱ्यासारखं सुटतं. पायलट जेटचं भोक बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. एक तुकडा तिथे अडकला की पुन्हा सगळं उघडा.

पृष्ठभाग खराब आहे आणि काही लावावंच लागतंय असं वाटलं, तर पेट्रोलला टिकणारा, न सुकणारा सीलंट घ्या आणि नखाच्या टोकावर मावेल इतकाच, पुसून पुसून पसरवा. शेलॅक ही जुनी चांगली सवय आहे, पेट्रोलने ती विरघळत नाही. पण अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसमोर तिच्यावर पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही. मुळात कागद बरोबर आणि कडा सपाट असतील तर कोरडं पॅकिंगच उत्तम. उघडतानाही ते अख्खं निघतं.

स्क्रू किती आवळायचे?

बाऊलचे स्क्रू मनगटाच्या जोरावर, कोपराच्या नाही. आधी चारही हाताने टेकवा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळत जा. गळती थांबेना म्हणून आणखी आवळणं हा रोगापेक्षा वाईट उपाय आहे: आटे जातात किंवा स्क्रूच्या कानाजवळ बाऊल वाकतो आणि दोन स्क्रूंच्या मधली जागा उघडते. जपानी कार्बोरेटरांचे चौफुली स्क्रू साध्या फिलिप्स बिटने झिजतात. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रू ड्रायव्हर एकदा घेतलात तर डोकी शाबूत राहतील.

इनलेटची दोन बोल्टांची फ्लँज हे जुन्या गाड्यांचं नेहमीचं दुखणं. वर्षानुवर्षं जास्त आवळल्याने तिचे दोन्ही कान इंजिनाकडे ओढले जातात आणि मधला भाग वर राहतो. स्टीलची सरळ पट्टी उभी धरून मागून उजेड बघा. ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेजचं पान सहज आत जात असेल तर जाड पॅकिंगने तो दोष झाकू नका. जाड काचेवर ४०० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून फ्लँज इंग्रजी आठच्या आकारात हळूहळू घासा, मधूनमधून दिशा बदला. त्याआधी सगळे जेट आणि ओ-रिंग काढा, मार्ग बंद करा आणि नंतर पाण्याने, पेट्रोलने व हवेने पुरतं धुऊन घ्या. एक कण जरी राहिला तरी तो स्लाइडवर ओरखडा ओढतो.

नवं कागदी पॅकिंग पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर थोडं बसतं. इंजिन पूर्ण थंड झालं की एकदा हलका हात फिरवून बघा.

जुनं पॅकिंग पुन्हा वापरता येतं का?

बऱ्याचदा येतं, आणि यात कंजूषपणा काही नाही. चांगलं पॅकिंग फेकून हलक्या दर्जाचं नवं लावणं जास्त नुकसानीचं.

कागदी पॅकिंग उजेडासमोर धरा. कुठे कागद पातळ होऊन पारदर्शक दिसतो का, भोकाभोवती चीर आहे का, हळूच वाकवल्यावर कडकड आवाज येतो का? यातलं काही असेल तर नको. मऊ असेल, सगळीकडे सारखं दबलेलं असेल आणि पूर्वीच्याच बाजूने, त्याच जागी परत बसणार असेल तर वापरा. दाबाचे ठसे जुळले पाहिजेत. उलटं बसवलं तर जुना उंचवटा नव्या खळग्यासमोर येत नाही. वर दोन्ही बाजूंना अगदी पुसटसं ग्रीस फिरवा, म्हणजे पुढच्या वेळीही ते न चिकटता निघेल.

कार्बोरेटर आठवडाभर उघडा पडला असेल तर कागद आणि कॉर्क दोन्ही वाळून लहान होतात आणि एका स्क्रूला भोक जुळत नाही. ओढून जुळवू नका. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, टिपून घ्या. बहुधा मूळ मापावर येतं. लगेच बसवा.

इनलेटच्या पॅकिंगबाबत मी जास्त कडक आहे. बाऊलमधून गळलं तर निदान दिसतं आणि वास येतो. इनलेटमधून हवा शिरली तर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन धरण्यापर्यंत, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. तिथे जरा शंका आली तरी नवं कापा.

उघडल्यावर रबरी ओ-रिंग लांब झाली, खाचेत बसत नाही. गेली का?

घाईने फेकू नका. पेट्रोल शोषून रबर फुगतं. मोकळ्या हवेत, ठिणगी-ज्योतीपासून दूर एक-दोन दिवस ठेवा. पेट्रोल उडून गेलं की बहुतेक वेळा ती आपोआप आकसते. मग तपासा. गोल छेदाची ओ-रिंग दोन बाजूंनी चपटी झाली असेल, वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील, किंवा नख रुतल्याची खूण तशीच राहत असेल तर बदला. कार्ब क्लीनरच्या फवाऱ्यात ओ-रिंग कधीच ठेवू नका.

बाऊलच्या खाचेतली मोठी वेडीवाकडी ओ-रिंग मिळत नाही. रबरी दोरीची बनवता येईल?

येईल. नायट्राइल किंवा फ्लोरो रबरची गोल दोरी मीटरवर मिळते. खाचेची खोली मोजा आणि दोरीचा व्यास असा निवडा की दोरी दबल्यावर मूळ जाडीच्या साधारण २० ते ३० टक्के आत जाईल. फार जाड घेतली तर खाच भरून जाते आणि बाऊल टेकतच नाही. लांबी खाचेत दोरी न ताणता बसवून ठरवा. टोकं तिरपी, ४५ अंशांत कापा, सायनोॲक्रिलेट गोंदाचा छोटासा थेंब लावा आणि जोड सरळ भागात येऊ द्या. वळणावर आला तर तो उघडतो.

चिकटलेलं जुनं पॅकिंग कसं काढायचं?

आधी भिजवा: रॉकेल किंवा पेट्रोल, वेळ द्या. मग प्लास्टिकची पट्टी किंवा ब्लेड जवळजवळ आडवं धरून खरवडा. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या वापरू नका. त्या कडा गोल करतात आणि त्यांची धूळ बारीक मार्गांत जाते.

नवं पॅकिंग बसवलं तरी पेट्रोल येतंच. पॅकिंगच खराब का?

पेट्रोल नक्की कुठून येतंय ते आधी बघा. ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल तर पॅकिंगचा काही संबंध नाही. नीडल नीट बंद होत नाही किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं आहे. बहुतेक कार्बोरेटरांत गाडी सरळ उभी असताना पेट्रोलची पातळी जोडाच्या रेषेच्या थोडी खालीच असते (काहींत ती मुद्दाम वर ठेवलेली असते, मॅन्युअल बघा). म्हणजे स्थिर उभ्या गाडीत जोडातून सतत धार लागली असेल तर पातळी वर चढली असण्याची शक्यता मोठी. फक्त साइड स्टँडवर उभी केल्यावर एका कोपऱ्यातून ओल येत असेल तर मात्र पॅकिंगकडे बघा. आणि नीडल गळत असताना गाडी तशीच ठेवू नका. पेट्रोल इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळतं.

गाडीवर चढवण्याआधी तपासणं सगळ्यात बरं. उघड्यावर, बाऊल पेट्रोलने भरून, कार्बोरेटर कोऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर तिथेच कळतं कोणता कोपरा.

इनलेटला हवा घेत आहे हे कसं ओळखायचं?

स्लो (थ्रॉटल न देता इंजिनाचा वेग) वाढलेला, थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली न येणं, सायलेन्सरमधून फटफट, प्लग पांढुरका. इंजिन स्लोवर ठेवून फ्लँजच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, स्लो क्षणभर सुधारला किंवा पडला तर जोड हवा घेतोय. बरेच जण इथे कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर ते करू नका, पाण्याने तेवढंच कळतं.

बेकलाइटचा जाड ठोकळा फुटला. त्याऐवजी जाड पॅकिंग?

नाही. तो ठोकळा उष्णता अडवतो. तो नसला तर कार्बोरेटर तापतो, बाऊलमधलं पेट्रोल उकळू लागतं आणि गरम गाडी पुन्हा लागत नाही. फिनॉलिक शीटचा नवा ठोकळा तेवढ्याच जाडीत करा आणि दोन्ही बाजूंना पातळ पॅकिंग घाला. ॲल्युमिनियमचा करून काही उपयोग नाही.

सीव्ही कार्बोरेटरचा (ज्यात स्लाइड इंजिनाच्या ओढीने उचलली जाते) डायफ्राम, म्हणजे पातळ रबरी पडदा, घरी बनतो का?

त्याला पॅकिंग समजू नका. नवाच आणा.

एकदाच दहा कापून ठेवली तर? लेसरवर कापता येतात?

कागदी पॅकिंग सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा आणि वर कार्बोरेटरचं नाव व जाडी लिहा. गुंडाळी करू नका. चाकू असलेल्या प्लॉटरवर पातळ गॅस्केट पेपर सुंदर कापला जातो. लेसरवर कागद चालतो, कड थोडी करपते ती पुसून टाका. फ्लोरो रबर आणि पीव्हीसी मात्र लेसरवर कधीच नको, जळताना त्यातून विषारी आणि आम्लधर्मी वायू निघतात.

फार जुन्या गाडीतलं पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असू शकतं का?

असू शकतं. गाडी जुनी, पॅकिंग राखाडी आणि तंतुमय असेल तर ते तसंच आहे असं धरून चाला. कोरडं खरवडू नका, घासू नका, हवेने फुंकू नका. पाण्यात थोडा साबण घालून पूर्ण भिजवा, मास्क लावून ओलंच काढा, तुकडे आणि पुसलेलं फडकं ओल्या अवस्थेत दुहेरी पिशवीत बंद करा आणि त्यावर काय आहे ते लिहा. अशा पॅकिंगचा पुनर्वापर करायचा नाही, साचा म्हणूनही नाही. आकार बाऊलवरूनच घ्या.